युतीची आघाडी

बुधवार, निकालाचा दिवस, संध्याकाळ

पेढ्यांचा रिकामा खोका टीपॉयवरच पडलाय. उचलायला हवा, पण उचलवत नाही.

सकाळी मामंजींनी त्यांचं लाडकं चॅनल लावलं. तिथं चौघं एकदम ओरडतात आणि खाली पट्टी पळत असते. निवेदिका किंचाळली, "युतीची आघाडी!" मामंजींना कमी ऐकू येतं, त्यांनी शेवटचाच शब्द धरला. आघाडीला मत दिलेला माणूस! आर्णीच्या चौकातून पेढे आणले आणि सगळी गल्ली गोड करून आले. समोरच्या युतीवाल्या काकांनी तर दोन मागून घेतले. ते काहून हसत होते, ते आता कळलं.

दुपारी मी दुसरं चॅनल लावलं. तिथं एकच बाई शांतपणे सांगत होती, युती पुढे, आघाडी मागे. इतकं साधं! एका गटाचं नावच आघाडी असताना पुढे असण्यालाही आघाडीच कशाला म्हणायचं? 'पुढे' म्हणायला त्या चौघांची जीभ झिजते का?

मामंजी पडद्याजवळ जाऊन आकडे वाचून आले. मग म्हणाले, "म्हणजे मी हरल्याचे पेढे वाटले काय वं?"

हसूही येत होतं, वाईटही वाटत होतं. मी खोक्यातला उरलेला एक पेढा त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो खाल्ला, बोटं धोतराला पुसली आणि रिमोट माझ्याकडे सरकवला.

"ते पयलंच लाव. तिथं आघाडी हाये अजून."