सुई हलली नाही

नवेगाव बांध,
८ जानेवारी २०२४

चि. उमेंद्र यास आशीर्वाद. वि. वि.

माझ्या मुलीच्या, टीनाच्या लग्नात मी तुला सोयऱ्यांसमोर मांडवातून उठवलं, तेव्हापासून तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. म्हणून चार रविवार सकाळी सातला हॅम रेडिओवर हाक मारली. कोणीही ऐकेल अशी भर हवेत माफी मागितली. आणि तू बालाघाटच्या माणसाशी थंडीच्या गप्पा मारत होतास. मला सगळं ऐकू येत होतं. थोरल्या भावाची अशी शोभा करतोस? माझा ट्यूनर नीट जुळवलेला आहे, परत फिरणारी ताकद दाखवणारी मीटरची सुई जागची हलत नाही. तुझी वहिनी विचारते, भाऊजी काऊन बोलत नाहीत. काय सांगू तिला?

लोभ होता. आता मागत नाही.

केशोराव

गोंदिया,
१२ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमचा एक शब्दही माझ्यापर्यंत आला नाही. आला असता तरी मी काय म्हटलं असतं, मला ठाऊक नाही.

अँटेना मोहाच्या झाडावर, घरापासून दोनशे फुटांवर, आणि केबल तीच जुनी, बारीक. जाड केबल घ्या, ट्यूनर झाडाच्या बुंध्याशी बसवा म्हटलं, तर मला शिकवू नको म्हणालात. टेबलावरचा ट्यूनर फक्त रेडिओची समजूत घालतो. केबलमध्ये जिरलेलं तो परत आणत नाही. माझं स्टेशन दणदणीत, म्हणून मी तुम्हाला ऐकू येतो.

ट्यूनरला हात न लावता केबल अँटेनापासून सोडवा आणि सुई बघा. केबल धड असेल, तर ताकद मोकळ्या टोकावरून परत फिरेल आणि सुई उसळेल. उसळली, तर मी खोटारडा. नाही उसळली, तर तुमची सगळी ताकद केबलच खाते.

वहिनीला मनापासून नमस्कार, तुम्हाला रिवाजाचा.

उमेंद्र

नवेगाव बांध,
२० जानेवारी

चि. उमेंद्र यास आशीर्वाद.

तुला खोटं पाडायलाच साठाव्या वर्षी झाडावर चढलो. केबल सोडवली, खाली येऊन रेडिओचं बोलायचं बटण दाबलं. सुई हलली नाही. केबल कापली, तर आत काळी पडलेली, पाणी ठिबकलं. चार रविवार मी केबलचीच माफी मागत होतो. तुझी वहिनी पोट धरून हसली. मला अजून राग आहे.

जाड केबल लावली. ट्यूनर बुंध्याशी बसवला, तू म्हणालास म्हणून नव्हे. भंडाऱ्याच्या एकाने आवाज खणखणीत येतो म्हणून सांगितलं. २८ तारखेला, रविवारी सातला, पुन्हा मागेन. पहिल्यापेक्षा जड जाणार आहे.

या वेळी तू गप्प राहिलास, तर दोष केबलचा नसेल.

लोभाचं तू ठरव.

केशोराव