कक्याचं राज्य

सोम. ८ डिसें.
आज जे केलं ते करायला नको हुतं. पाठाच्या वहीत मागून लिहितोय. पुढून टाचनं, मागून हे. वही कॉलेजच्या मॅडमकडं द्यायच्या आधी मागची पानं फाडायची.

डी.एड.ची पोरं महिनाभर शाळांवर सोडत्यात, तसं मला ह्या वाडीवर सोडलंय. पारनेरपासनं गाडीवर अर्धा तास. चौथीचा वर्ग. मोठ्या बाई म्हनल्या, घ्या हजेरी. घेतली. कोमलचं नाव आलं. उभी राह्यली आन "ह... ह... ह..." तिथंच. मला वाटलं नव्या सरची खोडी काढतीय. खोडीत मी कुनाला ऐकतो व्हय. हनुवटी वर केली, एक डोळा बारीक केला, म्हनलं, "ह-ह-हजर का ग-ग-गैरहजर?"

वर्ग फुटला. यश्या सतरंजीवर लोळला. पयल्याच दिवशी वर्ग खिशात.

मग यश्याच म्हनला, "सर, ती तशीच बोलती."

इथं थांबायचं हुतं. मागून पोरी म्हनल्या, सर परत करा ना. म्या परत केलं.

पयल्यांदा माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माहीत हुतं.

कोमल रडली बिडली न्हाई. खाली बसली आन पट्टीनं वहीत रेघा मारत राह्यली. पान भरलं.

मंगळ. ९
हजेरीला कोमल उठली न्हाई. नुसता हात वर. म्या बरोबरची खून केली, पुढं गेलो.

मोठ्या बाई सुट्टीत चहा पिताना सांगायला लागल्या. "कोमलला 'हजर' म्हणायला दोन वर्षं लागली. आमची एक रीत आहे. ती अडकली की तिच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही. सगळ्यांनी हाताची घडी, नजर खाली, शब्द पुरा होईस्तोवर थांबायचं. आता म्हणते. काल म्हणाली ना?"

"व्हय बाई. म्हनली."

चहा गोड लागला न्हाई.

गुरु. ११
मधल्या सुट्टीत शिवाशिवी चालल्ती. ज्याच्यावर राज्य, त्यानं अडकत बोलायचं. त्याला कक्या म्हनत्यात. कक्यानं शिवलं की आपन कक्या.

नळापाशी पयलीतलं एक पोरगं आलं, शेंबूड वर ओढत. "क-क-कोन हाय तिकडं?" त्याला कोमल कोन ते माहीत पन नसंल. पन त्यानं हनुवटी वर केली आन एक डोळा बारीक केला.

कोमल डोळा बारीक करत न्हाई. ते म्या माझ्या मनानं घातल्तं.

म्हंजी तिचं न्हाई. माझंच फिरतंय शाळंत.

शुक्र. १२
आज दुसरीतल्या दोघी. शौचालयाच्या भिंतीमागून आवाज. डोळा दिसत नव्हता, पन मला माहीत हुतं बारीक असनार.

सोम. १५
गुरुवारी कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला येनार. विषय दिलाय: समावेशक आन आधार देनारं वर्ग वातावरण. वाचून हसू आलं, मग न्हाई आलं.

डोकं चालवलं. आजपासनं कुनीच "हजर" म्हनायचं न्हाई. ज्याचा त्यानं आपापला आवाज करायचा. यश्यानं चुटकी घेतली. कुनी टाळी, कुनी डबा. कोमलनं पट्टी फरशीवर वाजवली. एकदा. टक्.

आता कुनी येगळं न्हाई. सगळीच बिनबोलाची. मी हुशारच हाय तसा.

गुरु. १८
पाठ झाला. मॅडम लई खूश. "मुलीला एकटं न पाडता सगळा वर्गच तिच्या बाजूला आणलात. फार संवेदनशील आहात." ब्याऐंशी गुन. आमच्या बॅचला एवढं कुनाला न्हाई. आपल्याला कधी पन्नाशी ओलांडायची सवय न्हाई.

मॅडम गेल्यावर मोठ्या बाई व्हरांड्यात. "छान झाला पाठ." मग चपला घालता घालता, "फक्त आता तिला बोलायची गरजच उरली नाही." आन गेटापाशी वळून, "यश सांगत होता, पहिल्या दिवशी तुम्ही वर्गाला खूप हसवलंत."

आन गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनि. २०
काल बी कोमल न्हाई, आज बी न्हाई. सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. घरातली सगळी कांदे लावाय वावरात. कोमल पन वाफ्यात वाकलेली. मला बघितलं आन रोपाची जुडी उचलून पार लांबच्या टोकाला गेली.

तिची आई चिखलाचे हात झटकत आली. "पाय दुखत्यात म्हनती, सर. म्हनती कसली, पाटीवर लिहून दावती." मग जवळ येऊन, "एक इचारू का? शाळंत नवी पद्धत आलीय का? घरी अडकत अडकत का हुईना, लई बडबड करायची. तिचा बा म्हनायचा, हिला गप करा. आता भाकर पायजे तर ताटली वाजवती. पानी पायजे तर तांब्या. भाऊ लाडानं बोलवतो तर भिंतीवर टक् करती. सरांनी शिकवलंय म्हन."

"व्हय," म्हनलं. "पद्धतच हाय."

"मंग चांगलंच आसंल," ती म्हनली. पेंडीभर कांद्याची पात दिली गाडीला अडकवून.

पात नाल्यात टाकली. मग परत गेलो आन उचलून आनली.

सोम. २२
टक् बंद. परत "हजर". कोमल न्हाईच.

पोरांना समोर बसवलं. ठरवून गेल्तो काय बोलायचं. कक्या मी हाय, ती न्हाई. खेळ बंद. पयल्या दिवशी चूक माझी, कोमलची न्हाई. एवढंच. सुरवात केली, "क..."

पुढं आलंच न्हाई. मुद्दाम न्हाई. देवाशप्पथ मुद्दाम न्हाई. जीभ टाळूला चिकटली आन वर्ग लांब गेला.

पोरं हसली. यश्या म्हनला, "सर, परत करा."

बुध. २४
घरी कुनाला सांगितलं न्हाई, पन आईनं पकडलं. "असा मधीच का थांबतुयस रं? काय गिळलंस का?"

क आला की वळसा घालतो. दुकानात कांदेपोहे मागायचे तर बोट दावलं. मालक म्हनला, "मौन धरलंय का पावनं?" आरशापुढं बोललो तर सगळं सरळ येतं. मानसापुढं न्हाई. दर बारीला वाटतं, समोरच्याचा डोळा आता बारीक हुईल.

शुक्र. २ जाने.
कोमल आली. मोठ्या बाई घरी जाऊन आल्या असतील, मला बोलल्या न्हाईत.

हजेरी. तिच्या नावापाशी आलो. "क... को..." थांबलो. आता हसत्यात. वर बघितलं तर यश्यानं हाताची घडी घातल्ती. नजर खाली. त्याच्या शेजारचीनं पन. एकेक करत सगळ्यांनी. त्यांची जुनी रीत. माझ्यासाठी.

किती येळ गेला माहीत न्हाई. "कोमल," म्हनलं.

तिनं हात वर केला. पट्टी वाजवली न्हाई, बोलली पन न्हाई.

सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर दाराशी उभी. डबा हातात. माझ्याकडं न बघता, फळ्याकडं बघून बोलली. "स... सर. घ-घाई करू नका. त्याला ढ-ढकलायचं न्हाई. हळू स-सोडायचं."

मग दाखवलं. "कऽऽऽ कोमल." लांब, सायकलचं हँडल सोडल्यावानी.

म्या केलं. जमलं. ती हसली न्हाई.

"मी पयल्या दिवशी..." म्हनायला लागलो.

"म-माहीत हाय," म्हनली. "दोनदा." मग, "मी ब-बोलले कुनाला सांगू नका. सगळे व-वाट बघत बसत्यात."

शनि. ३ जाने.
मॅडमनी वही आजच मागितली. बाहेर गाडी लावून थांबल्यात. मागची पानं फाडायला घेतली तर पुढची टाचनं सुटून हातात आली. शिवन एकच हाय. तशीच देतोय.

मॅडम, तुमी म्होरचं बघा, मागचं नका बघू. बघितलंच तर ब्याऐंशीचं काय करायचं ते करा. माझं कुनाला सांगायचं ते सांगा, कॉलेजात वाचून दावा. पन कोमल बोलली हे न्हाई. मोठ्या बाईंना न्हाई, तिच्या आईला पन न्हाई. कळलं तर सगळी कौतुकानं तिच्या तोंडाकडं बघत बसतील.

सोमवारी हजेरी हाय, माझी शेवटची. तिच्या नावापाशी काय हुईल मला माहीत न्हाई. तवर ह्या वहीतलं हे एवढं कुनाला सांगू नका. पाया पडतो.