पाचशे साठ पिना

दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. ताई बोलत होती कमी आणि नाक ओढत होती जास्त, त्यामुळे मला आधी वाटलं, कोणीतरी गेलं. मग कळलं की गेलं कोणी नाही, उलट आपलं माणूस खुर्चीवर बसतंय. एक एप्रिलपासून तू प्रयोगशाळेची विभागप्रमुख. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून अभिनंदन कागदावर करतोय. जपून ठेव, मी रोज कोणाचं करत नाही.

तुझ्या मामीने लगेच शेजारणीला गाठलं. शेजारणीने विचारलं, भाची करते तरी काय. मामी म्हणाली, मोडक्या हाडात घालायच्या पिना करते, त्या आपोआप विरघळतात. शेजारीण म्हणाली, विरघळायच्याच असतील तर घालायच्या कशाला. मामी घरी येऊन माझ्यावर चिडली. शेवटी मीच समजावून आलो की स्टीलची पिन काढायला हाड जुळल्यावर पुन्हा चिरफाड करावी लागते. आमच्या बारकीची पिन हाड जुळेपर्यंत घट्ट धरते आणि काम झालं की मुकाट्याने विरघळून जाते. असे पाहुणे आपल्याकडे कधी आले नाहीत, असं त्यावर मामीचं म्हणणं पडलं.

मी आठवी नापास माणूस. जन्मभर बाटल्यांची झाकणं बनवली. पण या कामात माझाही खारीचा वाटा आहे, विसरू नकोस. सहा वर्षांपूर्वी तुमचं मशीन बंद पडलं होतं आणि तू पिनांच्या कच्च्या मालाची, त्या दाण्यांची पिशवी पोटाशी धरून माझ्या कारखान्यात आली होतीस. चारशे ग्रॅम दाणे करायला चार महिने लागले, असं तू सांगितलंस, तेव्हा मशीनवर मी स्वतःच उभा राहिलो. साच्यातून एका वेळी आठ पिना निघायच्या आणि त्यांना जोडून बोटाएवढा देठ. आपल्या धंद्यात देठ कोणी फेकत नाही. दळून पुन्हा दाण्यांत मिसळला की तोच माल. तुझ्या मालाचाही मी कण वाया जाऊ दिला नाही. तुला तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, पोरगी डबा उघडेल तेव्हा आपोआप खूष होईल.

खुर्ची फिरती मिळाली तर फार फिरू नकोस. घरच्यांचा जीव तुझ्यात आहे, तुझा थोडा आमच्यात राहू दे.

तुझा
मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आशीर्वादाबद्दल आभारी आहे. मामीच्या गुडघ्याला आराम पडला असेल, अशी आशा.

एक विचारायचं होतं. त्या वेळचे देठ आपण दळून मिसळले, ते एकदाच की पुन्हा पुन्हा? साधारण किती प्रमाणात? काम दोन दिवस चाललं होतं, असं मला आठवतं. पहिल्या दिवशीच्या पिना आणि दुसऱ्या दिवशीच्या पिना एकाच डब्यात भरल्या होत्या का? आठवेल तेवढं कळवावं. घाई नाही, पण लवकर कळलं तर बरं.

मामीला नमस्कार. आपली माया आहेच, ती तशीच राहो.

आपली
बारकी


दि. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मला ‘आभारी आहे’ असं लिहिलंस. बँकेकडून येतं तसलं पत्र. चाळीस वर्षं मी मशीनचा आवाज ऐकून सांगतोय की आतला कुठला भाग झिजलाय. तुझ्या पत्राचा आवाज बरा नाही. ‘घाई नाही, पण लवकर’ हे तर तू लहानपणी काहीतरी फोडून आलीस की म्हणायचीस.

असो. विचारलंस ते सांगतो, जसं झालं तसं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निव्वळ तुझे दाणे. मग देठ साठले, ते दळले आणि उरलेल्या दाण्यांत मिसळले. त्यातून जे देठ निघाले, ते दुसऱ्या दिवशी दळले. त्यांचे निघाले, तेही दळले. शेवटचे काही घाणे तर नुसत्या दळलेल्या मालाचेच होते. रंग किंचित पिवळसर वाटला, पण झाकणांत तेवढं चालतं. सगळ्या पिना एकाच डब्यात, ढवळून. झाकणांच्या खोक्यात आम्ही तसंच करतो, म्हणजे वरचं-खालचं एकसारखं दिसतं.

तुझाही एक माल होता ना, पण त्याच्या पिना माझ्याकडे झाल्या नाहीत. तोवर तुमचं मशीन दुरुस्त झालं होतं. ती पिशवी दुसऱ्या कोणाची तरी होती, असं तू ओझरतं म्हणाली होतीस. कोणाची होती गं?

मामी म्हणते, उगाच पोरीला छळू नका. मी छळत नाही, वाट बघतोय. खरं काय ते लिही. आपल्या माणसाला वाईट बातमी आधी द्यावी, परक्याला नंतर.

तुझा
मामा


दि. २ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मागचं पत्र मी चार वेळा लिहून फाडलं होतं. उरलं ते बँकेचं.

ती पिशवी ज्यांची होती, त्यांना आमच्याकडे सगळे डिंकबाई म्हणायचे. त्यांच्या कोटाला कायम काहीतरी चिकटलेलं असायचं. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या. आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. त्या एकाच मालावर त्यांनी अकरा वर्षं काढली. माझाही एक माल होता, तीन वर्षांचा. दोन्हींच्या पिना करून शरीराइतक्या कोमट खारट पाण्यात ठेवायच्या, दर आठवड्याला थोड्या काढून मोडून बघायच्या आणि बारा आठवड्यांनी एकाची निवड करायची, असं ठरलं होतं.

मामा, हे पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. तापवलं की काही कड्या तुटतात. झाकणाच्या प्लॅस्टिकचं त्याने फारसं बिघडत नाही. आमच्या मालाचं सगळं बिघडतं. तीन-तीनदा वितळलेला माल पाण्यात फार लवकर हार खातो. बाईंच्या बहुतेक पिना सहाव्या आठवड्यात खडूसारख्या मोडल्या. माझ्या त्याहून जास्त टिकल्या. बाईंचं काम बंद झालं. वर्षभरात त्या सोडून गेल्या आणि एका कॉलेजात शिकवू लागल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला चांगला चिमटा मला दिला.

यात तुमची चूक नाही. दळू नका, असं मी सांगायला हवं होतं. मला ती इतकी उघड गोष्ट वाटत होती की सांगितलीच नाही. आणि दाणे वाया घालवू नका, हे मात्र मी तुम्हाला तीनदा बजावलं होतं.

पण एवढंच नाही. देठ बाजूला काढले तर चारशे ग्रॅममधून चारशेच्या वर पिना निघूच शकत नाहीत. मी डबा उघडून मोजल्या. पाचशे साठ होत्या. मोजतानाच मला कळलं होतं. विचारायला फोनसुद्धा हातात घेतला होता. मग वाटलं, विचारलं तर पुन्हा चार महिने जातील, आणि बाई थांबल्या की मलाही थांबावं लागेल. वहीत मी तीनशे ऐंशी लिहिल्या.

आता एक एप्रिलला मी ज्या खुर्चीत बसणार, ती कोणाची, ते मला माहीत आहे. गेले पंधरा दिवस संचालकांच्या दारापर्यंत जाऊन मी परत येते. काय करू, ते सांगा. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची
बारकी


दि. १७ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काय करू, असं विचारलंस. सांगत बसलो नाही, मीच करून आलो. ताईकडून कॉलेजचा पत्ता काढला, दोन बस बदलल्या आणि परवा डिंकबाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

जिन्याखाली त्यांची प्रयोगशाळा आहे. नळाला फडकं गुंडाळलंय, एक खिडकी खिळा ठोकून बंद. बाई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी सांगितलं, मी झाकणवाला, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा मामा, तुमच्या पिना मीच केल्या आणि मीच त्यांची वाट लावली. वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी वही ओढली आणि तापमान किती होतं, ते विचारलं. मग किती वेळा दळलं, किती मिसळलं, दाणे किती वेळ उघडे होते. पोलिसांनीसुद्धा मला इतकं कधी विचारलं नसतं. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. तिसऱ्यांदा दळल्याचं त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

मग त्या म्हणाल्या की दर वर्षी पहिल्या तासाला त्या मुलांना स्वतःची चूक सांगतात. माल धुताना आपण घाई केली, आतलं रसायन पुरतं निघालं नाही, म्हणून अकरा वर्षं पाण्यात गेली, तेव्हा पोरांनो, घाई करू नका. पाच वर्षं त्या हे सांगताहेत. शोधून शोधून ही चूक त्यांनी स्वतःच काढली होती. आणि ती झालीच नव्हती. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. बारके, बिघडलेली शंभर मशीनं मी ऐकलीत, पण तो आवाज अजून कानातून जात नाही.

नंतर त्यांनी विचारलं, तुमच्या भाचीला हे कधी कळलं. मी सांगितलं, गेल्या महिन्यात, माझ्या पत्रातून. पिना मी मोजून दिल्याच नव्हत्या, डबा बंद करून दिला होता, पोरीला यातलं काडीइतकं माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तिला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस.

खोटं बोललो, हे खरं. पण मी सत्तरीला आलोय, मला एखादं खोटं पचतं. तुला पचणार नव्हतं, म्हणून तुझ्या वाटचं मी बोललो. आता तू संचालकांना दळलेल्या मालाचं सांग, पुन्हा पिना करा, बाईंना त्यांचा मान मिळू दे. आणि तू खुर्चीत बस. दोष घ्यायला म्हातारा आठवी नापास मामा आहे, त्याचं कोण काय वाकडं करणार?

मामीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती मला सध्या जास्तच गोड चहा देते, म्हणजे तिला सगळं कळलंय. जपून राहा, आमच्यावर लोभ आहे तो राख.

तुझा
मामा


दि. ४ ऑगस्ट

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या वहीवरून तुमचा माल आम्ही पुन्हा केला. या वेळी थोडाच केला, म्हणून दीड महिन्यात झाला. जितक्या वेळा धुवायचा असं तुम्ही लिहिलं होतं, तितक्याच वेळा धुतला, त्याहून एकदाही जास्त नाही. पिना आमच्याच मशीनवर काढल्या, आणि देठ वजन करून फेकून दिले. काल बारावा आठवडा संपला. तुमच्या पिना अजून धरून आहेत. माझ्या मालाच्या पिना नवव्या आठवड्यातच ढिल्या पडतात. ते मला आधीपासून माहीत होतं, आणि तेवढ्यावर भागेल, असं सगळ्यांनी मानलं होतं. आकडे सोबतच्या अहवालात आहेत. संचालकांना तुम्हाला भेटायचं आहे. ते स्वतः लिहितील.

पण पुढचं मी मार्चमध्येच लिहायला हवं होतं.

मामा तुम्हाला म्हणाले की मला काही माहीत नव्हतं. ते माझ्यावरच्या मायेपोटी खोटं बोलले. पिना मी मोजल्या होत्या. पाचशे साठ भरल्या. वहीत तीनशे ऐंशी लिहिल्या आणि उरलेल्या एकशे ऐंशी खणात ठेवल्या. हे मामांना माहीत आहे.

पुढचं त्यांनाही माहीत नाही. सहाव्या आठवड्यात तुमच्या पिना मोडल्या, तेव्हा तुम्ही तेव्हाच्या विभागप्रमुख सरांना म्हणाला होतात की पाण्यात न घातलेल्या कोरड्या पिना कुठे शिल्लक असतील तर त्या तपासून बघू, दोष पाण्यात आहे की मालात, ते कळेल. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की शिल्लक नाहीत. त्याच दिवशी दुपारी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी तो खण कचऱ्यात रिकामा केला. तुम्ही परत आलात, आणि माझा चेहरा उतरलेला बघून मला म्हणालात की तू कशाला वाईट वाटून घेतेस, तुझं तर छान चाललंय.

त्या पिना तपासल्या असत्या तर तासाभरात सगळं उघड झालं असतं. तुम्ही गेला नसता.

एक एप्रिलला मी खुर्चीत बसले. चार महिने बसले आहे. मामांनी दिलेलं खोटं मी पुरवून पुरवून वापरलं. तुमचा माल पुन्हा करताना मनात कुठेतरी वाटत होतं की तो खरोखरच कच्चा निघावा. तो पक्का निघाला, तेव्हा मला आनंद झाला की धसका बसला, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

अहवालात माझ्या वहीच्या त्या पानाची प्रत जोडली आहे. आकड्याशेजारी खरा आकडा आणि खणाची हकिकत माझ्या हाताने लिहून खाली सही केली आहे. आज सकाळी तो संचालकांच्या हातात दिला. ते वाचेपर्यंत मी समोर उभी होते. वाचून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बसूनच हे लिहिते आहे. पत्र आधी पाठवलं असतं तर अहवाल कदाचित मागे घेतला असता, स्वतःला मी तेवढं ओळखते.

मामांवर राग धरू नये. दाणे वाया घालवू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. तुमचा होता, आणि तो असतानाच मी खण रिकामा केला.

शेजारच्या टेबलावरची