वापर निरंक

३ जुलै २००६, सोमवार

तहसीलीतलं आपत्ती व्यवस्थापनाचं कपाट शेवटी माझ्याच गळ्यात! बाकी सगळे शेतकरी मदत पॅकेजच्या याद्यांना जुंपलेत. कापसाच्या नावानं जिल्हाभर गाड्या धावताहेत, आणि एकेका यादीत दहा-दहा नावं बोगस. म्हटलं, निदान आपलं कपाट तरी शांत असेल. कसलं शांत!

उघडलं तर वरच फाईल — शोध व बचाव पथक, हिवरघाट. पैनगंगेच्या काठचं गाव. गेल्या वर्षी सरकारी अनुदानातून त्यांना रबरी बोट, दहा जाकिटं, दोनशे फूट दोर, बॅटऱ्या असं सामान दिलं. आता दुसरा हप्ता यायचा तर उपयोगिता प्रमाणपत्र पाहिजे, म्हणजे सामान कुठे आणि कोणासाठी वापरलं ते लेखी. पथकप्रमुख कुणी धावजी राठोड. त्याचे चार तिमाही तक्ते फाईलला आहेत. चारही तक्त्यांत तेच — वापर निरंक. म्हणजे वर्षभरात एकदाही कुणी सामानाला हात लावला नाही.

आणि त्याच्याच खाली त्याच धावजीचा अर्ज. जुना दोर झिजला, नवा मिळावा!

वापर नाही आणि दोर झिजला? खुंटीवर टांगून टांगून झिजला वाटतं.

साहेबांपुढे ठेवलं. साहेब म्हणजे आमचे नवे तहसीलदार, वय तीस, घाई फार. म्हणाले, एकदा जाऊन बघून या.

६ जुलै, गुरुवार

फुलसावंगीपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. चौदा माणसं आणि एक बकरी. बकरीचं तोंड माझ्या पर्समध्ये.

धावजी पन्नाशीचा, किडकिडीत. कपाशीत डवरा धरून होता, तसाच मातीच्या हातानं आला. विचारलं तेवढंच बोलतो. मला कमी बोलणारी माणसं रुचत नाहीत. त्यांच्यापाशी काहीतरी दडवलेलं असतं.

सामान समाजमंदिरात, कुलपात. बोट कोरी करकरीत. घडीवरची पांढरी भुकटीसुद्धा तशीच. पण दोर! मधे दहा-बारा हात पार पिंजलेला, दगडावर घासल्यासारखा. चार जाकिटांना शेवाळाचे डाग. आणि दोराच्या टोकाला एक फळी बांधलेली, झोपाळ्याला असते तशी. ही फळी अनुदानाच्या यादीत नाही. मी यादी दोनदा वाचली.

कशाला ही, म्हणून विचारलं.

"पोरायनं खेळाले बांधली असन."

कुलपाच्या आत येऊन? त्याची नजर जमिनीवर. ज्याला खोटं बोलायची सवय नाही तो बोलतो तेव्हा फार वाईट बोलतो.

चहा शेजारच्या मैनाबाईकडे झाला. तिशीची बाई, एकटी राहते. कप डाव्या हातानं दिला, उजवा खांद्यातून उचलत नव्हता. चहा संपेपर्यंत माझ्याकडे टकामका बघत होती. तशी सगळं गावच बघत होतं.

७ जुलै

पुरात वापरलं असतं तर आधी बोट भिजली असती. बोट कोरडी आणि जाकिटांना शेवाळ. बसतच नाही हिशेबात.

११ जुलै, मंगळवार

सापडलं. विहिरी!

उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायचा धंदा जोरात असतो. माणूस उतरवायला फळी, ओढायला दोर. हे लोक सरकारी दोर भाड्यानं देताहेत, नाहीतर स्वतःच मजुरीवर जाताहेत. मग तक्त्यात लिहिणार कसं?

हिवरघाटचा कोतवाल डोमाजी टपाल घेऊन ऑफिसात आला होता. त्याला कोपऱ्यात घेऊन खोदून विचारलं. म्हणाला, कुठून तरी फोन येतो, धावजी आणि त्याचे तिघं हातातलं काम टाकून निघतात, दोर जीपमध्ये घालतात. कुठे जातात ते घरच्या बायकांनाही सांगत नाहीत. मे महिन्यात एकदा बोरटेकला गेले होते, एवढं मात्र त्याला ठाऊक. जीप त्याच्या साळ्याची होती, म्हणून तारीखही लक्षात होती.

जेवताना वामनला सांगितलं. नवरा बँकेत आहे, पण संशय म्हणून नावाला नाही. म्हणाला, "सुचित्रा, एक दिवस तुला माझ्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा बोगस वाटतील." वाटू देत. रॉकेलच्या यादीतली बत्तीस मेलेली माणसं कोणी हुडकली होती? मीच.

१८ जुलै, मंगळवार

बोरटेकला जाऊन आले. पारावर चार-पाच जण बसलेले. मे महिन्यात हिवरघाटची माणसं कोणाच्या विहिरीचा गाळ काढायला आली होती, एवढंच विचारलं. एकाची तंबाखू मळता मळता हातातच राहिली. रामराव म्हणून एक म्हातारा होता, तो म्हणाला, "आमच्या गावात कोनीच आलं नाही, बाई." मी तारीख सांगितली तसा उठून चालायला लागला. पाठ वळल्यावर धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

अख्खं गाव एका सुरात खोटं बोलतं म्हणजे अख्ख्या गावाचा त्यात हात आहे.

गावाबाहेरची विहीर बघून आले. गाळ भरपूर आहे, कोणी काढलेला दिसत नाही. पैसे उचलून काम अर्धवट टाकलं असेल. काठाच्या दगडावर दोर घासल्याची खूण मात्र स्पष्ट आहे. मला तेवढी पुरे.

२४ जुलै, सोमवार

टिपणी पूर्ण. अडीच पानं. 'पथकप्रमुखाने शासकीय दोर विहिरींतील गाळ काढणेकामी भाड्याने दिल्याचे दिसून येते. सबब दुसरा हप्ता रोखण्यात यावा व साहित्य परत घेण्यात यावे.' साहेब म्हणाले, इतकी मुद्देसूद टिपणी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. लगेच सही.

येताना पावशेर जिलबी आणली.

२ ऑगस्ट, बुधवार

सामान जमा केलं. वाटलं होतं गाव अंगावर येईल, पण कोणी हूं की चूं केलं नाही. धावजीनं स्वतःच बोट जीपमध्ये चढवली. जाकिटं मोजून दिली. दोरापाशी आला आणि थांबला.

"बोट न्या, जाकिटं न्या. दोर राहू द्या."

म्हटलं, कशाला पाहिजे ते लिहून द्या, मी साहेबांपुढे ठेवते.

"ते लिहून देता येत नाही, बाई."

म्हणजे झालंच की! दोर पोत्यात घातला, तोंड शिवलं, लाखेची मोहर लावली. त्यानं तेवढ्यात तोंड फिरवलं. चोर पकडला गेला की तोंड फिरवतोच.

१४ ऑगस्ट, सोमवार

आज कसं लिहू. पण लिहिते.

दुपारी जेवायला घरी आले तर ओट्यावर हिवरघाटची मैनाबाई. मला वाटलं, धावजीसाठी रदबदली करायला आली. तसं तोंडावर म्हटलंही, त्यानं पाठवलं का? नाही म्हणाली, त्याला माहीतच नाही. पाणी दिलं ते प्यायली. आणि सांगितलं.

चैतात ती विहिरीत होती. पाय घसरला नव्हता, आपणहून गेली होती. का, ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. धावजी फळीवर बसून खाली उतरला, तिला कवेत घट्ट धरून ठेवलं, वरून तिघांनी ओढलं. खांदा तेव्हा निखळला तो अजून नीट नाही.

"वर आली तं म्या त्याले शिव्या देल्या. कायले काढलं म्हून. आता रोज सकायी डोये उघडते तवा त्याचं नाव घेतो."

मग लिहिलं काहून नाही, मी विचारलं. रजिस्टर कशासाठी दिलंय? हो, त्या बाईच्या समोर बसून मी हेच विचारलं!

तेव्हा तिनं उकंडाचं सांगितलं. पहिल्या खेपेला, सरकारी सामान यायच्या आधी, धावजीनं गावातल्या उकंडाला असाच वर काढला आणि सरळ ठाण्यात खबर दिली. चांगलं काम केलं, त्यात लपवायचं काय? पण जीव द्यायला जाणं हाच गुन्हा. वाचलेल्या माणसावर कलम लागलं. जमानत, तारखा, बाजारातसुद्धा लोक बोट दाखवायचे. तिसऱ्या तारखेला घरून निघालेला उकंडा कोर्टात पोचलाच नाही. दोन दिवसांनी नदीत सापडला.

त्या दिवसापासून धावजीनं लिहिणं सोडलं. कोणाला काढलं तर हे चौघं बोलत नाहीत आणि ते गावही बोलत नाही. उकंडानंतर आतापर्यंत अकरा माणसं काढली. अकरा! एक बोरटेकचा, त्या म्हाताऱ्या रामरावचा मुलगा. मी त्या बापाला तारीख सांगत होते.

"कागदावर आलं तं माणूस मरते, बाई," मैनाबाई म्हणाली आणि उठली. मी जेव म्हटलं, ती थांबली नाही.

मला माझी लाज वाटते. सगळं डोळ्यांपुढे होतं, फळी, शेवाळ, काठावरची खूण. आणि मला त्यात चोरी दिसली.

१६ ऑगस्ट, बुधवार

साहेबांना म्हटलं, बोट राहू द्या, दोर तेवढा हिवरघाटला परत देऊ. त्यांनी कारण विचारलं. पावसाळा आहे, म्हटलं. दुसरं सांगता काय येणार? साहेबांना सांगितलं तर ते कागदावर घेतील, घ्यावंच लागेल त्यांना.

म्हणाले, "टिपणी तुमचीच ना, बाई? तीन आठवड्यांत असं काय झालं?" आणि चष्म्यावरून बघितलं. ती नजर मी चांगली ओळखते. गेली बावीस वर्षं मी लोकांकडे तशीच बघत आले.

पोत्याची मोहर चौकशी होईपर्यंत काढायची नाही, असा शेरा मारला.

१९ ऑगस्ट, शनिवार

बाजारातून नायलॉनचा दोर घेतला. दोनशे फूट, अंगठ्याएवढा जाड. दुकानदारानं विचारलं, वजन किती पेलायचं? म्हटलं, दोन माणसांचं. झोपाळा बांधता का, म्हणाला. हो म्हटलं. मीही आता खोटं बोलायला लागले, आणि बरं जमलं.

हिवरघाटला धावजीच्या दारात नेऊन ठेवला. माफी मागायची म्हणून एसटीत शब्द जुळवत गेले होते. त्यानं दोर हातानं मोजला, पायाखाली धरून ताणला, दोनदा. मग म्हणाला, मैनाला रागावू नका, तिनं सांगितलं म्हणून मीही तिला काही बोललो नाही. माझे शब्द तसेच राहिले.

निघताना म्हणाला, "तुमचा नंबर देऊन ठेवा. बाईमानूस असलं का वर काढल्यावर कोनीतरी बाईच पाह्यजे जवळ. आमी चार गडी. ते लाजते बिचारी."

नंबर दिला. त्यानं तो तळहातावर लिहिला. कागद काही मागितला नाही.

२३ ऑगस्ट

पोळा. ऑफिसला सुटी. फोन दोनदा वाजला, दोन्हीदा उडी मारून घेतला. दोन्हीदा वामनची बहीण.

२९ ऑगस्ट, मंगळवार

जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. दिसायला सज्जन, पण सुटणारे नव्हेत. समोर माझी टिपणी, तिच्यावर साहेबांचा शेरा — लिपिकाने नंतर भूमिका बदलल्याचे दिसते. पोतं फोडलं. त्यांनी दोर बोटांत धरून बघितला आणि बरोबर मी विचारला होता तोच प्रश्न विचारला. वापर नाही तर झिजला कसा?

म्हणाले, दोनच गोष्टी असू शकतात. एक, भाड्यानं दिला, म्हणजे अपहार. दोन, बचावासाठी वापरला आणि दडवला. तसं असेल तर कोणाला वाचवलं त्याची नावं पाहिजेत. धावजी देत नसेल तर पोलीस गावोगाव फिरून काढतील.

सोमवारी धावजीचा जबाब, नंतर माझा.

मी टिपणी मागे घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला, मग खरं काय? आणि खरं म्हणजे अकरा नावं. टिपणी ठेवली तर धावजी चोर. असा खोडा मीच घालून ठेवलाय, माझ्याच अक्षरात.

वामनला सगळं सांगितलं. आज त्यानं थट्टा केली नाही. ताटातला भात तसाच चिवडत बसला.

३ सप्टेंबर, रविवार

ठरवलं. उद्या सांगणार की टिपणी मी अंदाजानं लिहिली, पुरावा नव्हता, चूक माझी. निलंबित करतील. करू देत. नावं मात्र माझ्या तोंडून येणार नाहीत.

४ सप्टेंबर, सोमवार

माझी पाळी यायच्या आधीच धावजीनं जबाब दिला होता. दोर विहिरींचा गाळ काढायला भाड्यानं दिला, पैसे खाल्ले, गुन्हा कबूल. नोटिशीबरोबर टिपणीची प्रत गेली होती. त्यातली वाक्यं त्यानं जशीच्या तशी म्हटली होती.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुम्ही टिपणीवर ठाम आहात का? धावजी भिंतीशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली — हो म्हणा.

मी हो म्हटलं आणि सही केली. संध्याकाळी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्या अकरा जणांपैकी एकाचंही नाव कुठल्याच कागदावर नाही.