देवदूताची ओळ

केलीव्हिल,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मिता हिस,
मयूराताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून नानांची जुनी सवय पुन्हा धरली आहे.

इथे सगळं ठीक. नरेंद्रचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा तो स्वतः जास्त. मी दर मंगळवारी लायब्ररीतल्या ज्येष्ठांच्या वर्गाला जाते. विषय ऐकून हसशील: मध्ययुगातलं इंग्लिश नाटक. आमच्या हेलनबाई सांगतात, ते नाटक रंगमंचावर जन्मलंच नाही. ते जन्मलं चर्चमध्ये, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत. हजारेक वर्षांपूर्वी विंचेस्टरच्या बिशपने ते कसं करायचं हे लिहून ठेवलं. पांढरा झगा घातलेला एक साधू थडग्यापाशी बसतो, तो देवदूत. तिघे जण धुपाटणी घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखे हळूहळू येतात. ते म्हणजे प्रेताला सुगंधी तेल लावायला आलेल्या तीन बाया. तो विचारतो, कोणाला शोधता? त्या सांगतात, नाझरेथच्या येशूला. तो म्हणतो, तो इथे नाही, उठला आहे. मग त्या कफनाचं रिकामं कापड सगळ्यांना उचलून दाखवतात आणि घंटा वाजतात. एवढंच नाटक, तेही लॅटिनमध्ये.

मला आपली शाळा आठवली. सिस्टर बेनेडिक्टा, आईच्या चादरींचे झगे, आणि कागदी पंख लावून बाकावर बसलेली तिसरीतली तू. आम्ही तिघी धूप घेऊन आलो, आणि शिकवलेली इंग्लिश ओळ म्हणायची सोडून तू स्वच्छ मराठीत म्हणालीस की बसा, येतीलच इतक्यात, पाणी आणू का? सिस्टर हसून हसून डोळे पुसत होत्या. घरी तू नानांना सांगितलंस की एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसांना दारातच नाही कसं म्हणायचं? नानांनी तुझीच बाजू घेतली.

ईस्टरला आम्ही जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये हाच प्रवेश करणार आहोत. देवदूत मिळत नाही. मी तुझं नाव दिलंय. ये.

आता खरं लिहिते. तुझी उर्वी ब्लॅकटाउनहून रविवारी जेवायला आली होती. म्हणाली, नाताळात ती तुझ्याकडे असताना कोणीतरी रविंद्रला विचारत आलं, तर तू सांगितलंस की बाहेर गेलेत. त्याला जाऊन दीड वर्ष झालं गं. पोरगी फार घाबरली आहे. मीही.
पत्राची वाट पाहते.
तुझी,
ताई

डार्विन,
२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. माथ्यावर तू 'सौ.' लिहिलं नाहीस, ते पाहिलं. बरोबरच आहे. पण मग पुढचं दोन दिवस वाचलं नाही.

पाऊस संपत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी आली. आठवड्यातून दोन दिवस अजून हॉस्पिटलला जाते, तेवढंच बरं वाटतं.

मला भ्रम झालेला नाही, उर्वीला सांग. मी तीस वर्षं नर्स आहे. पण ते वाक्य सांगितलं की दारातल्या माणसाचा चेहरा पडतो, तो सॉरी सॉरी म्हणतो आणि मलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. बाहेर गेलेत म्हटलं की तो नो वरीज म्हणून गाडीत बसतो. त्याचंही बरं, माझंही बरं. टोपी खुंटीवर आहे, बूट दारात आहेत, त्यामुळे खोटंही वाटत नाही.

देवदूत दुसरा शोधा. मी ती ओळ तेव्हाही बिघडवली होती.
नरेंद्रभावजींच्या गुडघ्याला नमस्कार.
तुझी,
अस्मिता

केलीव्हिल,
१४ मार्च

चि. अस्मिता हिस,
अनेक आशीर्वाद. ते अक्षर मी लिहून खोडलं आणि कागद बदलला. तिसऱ्या कागदावर नुसतं 'चि.' राहिलं. माफ कर.

वर्ग पुढे सरकला. ते नाटक चर्चमधून अंगणात आलं, अंगणातून रस्त्यावर, आणि लॅटिनचं इंग्लिश झालं. यॉर्कला एकेका धंद्याच्या मंडळींनी एकेक कथा वाटून घेतली. जहाज बांधणाऱ्यांकडे नोहाची नौका, पाव भाजणाऱ्यांकडे येशूचं शेवटचं जेवण, आणि सगळं चाकांच्या गाड्यांवर, गावभर. नरेंद्र म्हणाला, आयटीवाल्यांना बॅबेलचा मनोरा द्यायला हवा, प्रत्येकाची भाषा वेगळी आणि काम कायम अर्धवट.

देवदूत आम्ही शोधला नाही. खुर्चीवर पांढरी शाल टाकून सराव करतो. आम्ही तिघी म्हाताऱ्या येतो आणि विचारणारं कोणी नसतं, त्यामुळे नुसत्या उभ्या राहतो. आपण कशाला आलो होतो तेच कळेनासं होतं.

तुला आग्रह करत नाही. खुर्ची मात्र तशीच ठेवते.
माया करणारी,
ताई

डार्विन,
५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. शनिवारी स्टॅव्हरोस आला. रविंद्र त्याच्या बोटीतून मासेमारीला जायचा. दोन वर्षं तो ग्रीसला आईपाशी होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. रविंद्रची गळाची काठी परत करायला आला होता. रवी कुठे आहे विचारलं. सवयीने म्हणून गेले, बाहेर गेलाय, येईलच.

तर तो पायरीवर बसला! म्हणाला, मग थांबतो, आज सगळी आफ्टरनून मोकळी आहे.

ताई, आजपर्यंत कोणी थांबलं नव्हतं. मी चहा केला. खिडकीतून पाहिलं, तर काठी मांडीवर आडवी घेऊन हा फाटकाकडे डोळे लावून बसलेला. गाडीचा आवाज आला की अर्धा उठायचा. वीस मिनिटं मी ओट्याशी उभी होते. चहा गार झाला. मग खुंटीवरची टोपी काढून बाहेर गेले आणि सांगितलं, तो इथे नाही. गेल्याच्या गेल्या ऑगस्टमध्ये वारला.

तो सॉरी म्हणाला नाही. टोपी हातात घेऊन रडला, आणि मला त्याची समजूत काढावी लागली नाही. नंतर बारामुंडी माशाच्या गोष्टी सांगत बसला, त्यातल्या निम्म्या मला ठाऊक नव्हत्या. यंदा त्यांचा ग्रीक ईस्टर आणि तुमचा एकाच दिवशी आहे. रविंद्रच्या नावाने मेणबत्ती लावीन म्हणाला. टोपी त्यालाच दिली.

सतरा तारखेचं तिकीट काढलं आहे, दहा दिवसांसाठी. घर सोडून कायमची येणार नाही, तो विषय काढू नकोस. कागदी पंखही चालणार नाहीत. उर्वीला विमानतळावर यायला सांग.

थडग्यातलं कापड तुम्ही विकत आणू नका. मी आणते. पलंगावरची रविंद्रच्या बाजूची पांढरी चादर आहे. काल पहिल्यांदा धुतली.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
अस्मिता