करुणाचा निकाल आणि माझी साक्ष

रविवार, संध्याकाळ. लोणार.

माझी पोरगी करुणा नर्सिंगच्या परीक्षेत कॉलेजात पहिली आली. म्हणून आज चर्चमध्ये पाळकांनी मला देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभं केलं. ती समोरच्याच बाकावर, निकालाचा कागद बायबलात जपून ठेवून बसलेली. तोंडून गर्व निघेल या धास्तीनं मी म्हणालो, "हिच्यात काय हाय? सगळी प्रभूची कृपा." सगळे आमेन म्हणाले. मला फार बरं वाटलं. करुणानं मात्र बायबलातला कागद काढला, बारीक घडी केली आणि पर्समध्ये टाकला.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "पप्पा, रोज पहाटे चारले उठून मी काय करत होती मंग?"

काऊन बोललो मी असं? कृपा खरी, पण तिची मेहनत खोटी होती काय? चारचौघांत नम्र दिसावं म्हणून पोरीला खाली पाडलं. गर्व तर हाच झाला. पोरीचा नव्हे, माझ्या नम्रपणाचा.

आत्ता तिच्याकडे तो कागद मागायला गेलो. "कायले?" म्हणाली.

मी तो अजून वाचलाच नव्हता.