थिनरनं धुतलेले हात

४ मार्च

बेबीनंदाचा तळहात भाजला. तापलेला तवा नुसत्या हातानं उचलला तिनं, आणि तिला कळलंच नाही! कातडं करपल्याचा वास आला तेव्हा खाली पाहिलं म्हणे. वर मलाच दटावते — “दादा, येवढं काय वरडून राह्यला? दुखून न्हाई राह्यलं.”

दुखत नाही, हेच तर!

६ मार्च

बहिणीला घेऊन नवीन जालन्यात डॉक्टरांकडे गेलो. बोटांची आणि पावलांची संवेदना कमी झाली आहे. “कामावर काय वापरता?” त्यांनी विचारलं. मग एकेक बाहेर आलं.

बेबीनंदा कामाला जाते त्या अण्णासाहेबाच्या शेडमध्ये कपाशीच्या बियाण्याला लाल औषध लावतात. तो रंग साबणानं जात नाही. त्याच हातांनी घरी भाकरीचं पीठ मळायचं, औषध लेकरांच्या पोटात जाईल, म्हणून बाया घाबरायच्या. अण्णासाहेबानं युक्ती सांगितली — पोत्यांवर शिक्के मारायच्या रंगात टाकतात तो थिनर घ्या, त्यानं धुवा. “हात कसे गोरेपान होतेत बघा बायांनो!” तेव्हापासून रोज संध्याकाळी धुताहेत. लेकरांना वाचवायला!

डॉक्टर म्हणाले, आधी थिनर बंद.

९ मार्च

तीन पुस्तकं काढून बसलो. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पडदा असतो. पाण्यात विरघळलेली वस्तू त्यातून सहजी आत जात नाही. थिनरला मात्र अडवणारं कुणी नाही, तो स्वतःच तेलाच्या जातकुळीचा. पडद्यात शिरतो, पदर सैल करतो, भोकं पाडतो. कातडीची चरबी धुऊन नेतो, रक्तात उतरतो, नसांपर्यंत पोहोचतो. आणि राखण उठली की ते लाल औषधही मागोमाग आत!

म्हणजे बाया विष धूत नव्हत्या. अंगात जिरवत होत्या.

सोडणार नाही त्याला.

१० मार्च

बिटाच्या दोन चकत्या केल्या. रंगाचं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतल्या. एक तशीच पाण्यात टाकली. दुसरी आधी थिनरमध्ये बुडवून, पुसून, मग पाण्यात. पहिल्या पेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं. दुसऱ्यातलं रक्तासारखं लाल. पडदे फाटले, आतलं सगळं बाहेर.

बेबीनंदा बघत होती. “कोशिंबिरीचं बीट व्हतं ते. आता खाय तूच.”

२० मार्च

भीमजयंतीच्या मंचावर अण्णासाहेबाला पाहुणा म्हणून बोलवायचं मी सुचवलं. समितीचा राजानंद उसळलाच — “त्याला? तुझं डोकं ठिकाणावर हाय का?”

“आहे. हार घालायचाय त्याला.”

दोन पेले, दोन चकत्या, सगळी वस्ती समोर. मान खाली घालून उतरला पाहिजे!

२ एप्रिल

भाषण पुन्हा फाडलं. फार सभ्य झालं होतं.

बेबीनंदा अजून शेडवर जाते. रागावलो तर म्हणाली, “थिनर सोडला ना आम्ही समद्यांनी. गोडं तेल चोळून साबण लावतो आता. सीजन हाय, काम कशाला सोडू?”

१५ एप्रिल

काल हरलो. की जिंकलो?

बीट दाखवलं. पाणी लाल झालं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी वळून त्याच्याकडे बोट केलं — “या माणसानं तुमच्या आयाबहिणींचे हात असे रिते केले!”

तो उठला. माझ्याच हातातला माईक घेतला. “मीबी त्यानंच धुतो, भाऊ. रोज. हे बघा, हाय का काही?” दोन्ही पंजे वर धरून फिरवले. “बीट आन् माणूस एकच झालं का, मास्तर?” पोरं हसली. आमची पोरं!

तेवढ्यात चहा आला. चुलीवरून थेट, स्टीलच्या पेल्यात. मी उपरण्याच्या टोकात धरूनही चटका बसला. त्यानं मात्र पेला मुठीत घट्ट धरला आणि बोलत राहिला. डाव्या मुठीत पेला, उजवीत माईक. पेला खाली ठेवला तेव्हा तळहात लालभडक. त्याचं लक्षही नव्हतं.

मला सगळं कळलं. माईक माझ्याकडे परत आला. एक वाक्य पुरेसं होतं — “अण्णासाहेब, जरा तळहात बघा तुमचा.” सभा माझी झाली असती.

पण मग आज तो डॉक्टरांकडे गेला असता. थिनर सुटला असता. वाचला असता.

“जय भीम” म्हणालो आणि खाली बसलो. माईक हातात असून गप्प राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा.

१९ एप्रिल

तो अजून धुतोय. धुवो!

२३ एप्रिल

पुस्तक उघडतो, ओळ सरकत नाही. शेवटी बेबीनंदाला सांगून टाकलं — अण्णासाहेबाचेही हात गेलेत, मी पाहिलं, आणि जाणूनबुजून बोललो नाही. वाटलं, खवळेल.

ती शांतपणे म्हणाली, “मला म्हाईत हाय. डागदर बोलले त्याच्या दुसऱ्याच दिशी मी सांगितलं त्याला, थिनर सोडा म्हून. हसला. मंग पुन्हा न्हाई सांगितलं.”

“मग आता त्याला थिनर कोण देतं?”

“रोज संध्याकाळी मीच वतते त्याच्या हातावर.”